राजारामपुरीतील रविवारचा नीतिवर्ग: एक परीक्षण

कोल्हापुरातील राजारामपुरीत १८ ते २३ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी नीतिविचार आणि वर्तन या विषयाचा एक वर्ग दर रविवारी सकाळी साडेआठ ते साडेअकरा या वेळेत भरतो. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा आहे, शुल्क १,८०० रुपये आहे आणि एका तुकडीत तीसहून अधिक जणांना प्रवेश दिला जात नाही. वाणिज्य शाखेत शिकणारी माझी भाची नुकत्याच संपलेल्या तुकडीत होती. पालकांना मागच्या बाकांवर बसू देण्याची तेथे पद्धत असल्यामुळे बरीच सत्रे मला प्रत्यक्ष पाहता आली. तरुणांवर संस्कार करण्याचे बहुतेक उपक्रम थोरांच्या गोष्टी, टाळ्या आणि सामूहिक शपथ यांवर आटोपतात. या वर्गात मुलांना आधी निर्णय घ्यावा लागतो आणि तत्त्वाची चर्चा त्यानंतर होते. माझ्या मते त्याचे खरे मोल यातच आहे.

ऑगस्ट २०१९च्या महापुरावर बेतलेले सत्र मला सर्वांत मोलाचे वाटले. पंचगंगेच्या पुराने चिखली आणि आंबेवाडी कशी वेढली होती, हे या मुलांनी शाळकरी वयात पाहिले आहे. प्रसंग असा दिला होता: तुम्ही मदत वाटपाच्या तंबूत आहात, हाताशी ४० ब्लँकेट आहेत, दारात ६५ कुटुंबे उभी आहेत आणि यादीत तुमच्या सख्ख्या मामांचेही घर आहे. प्रत्येकाने कोणाशीही न बोलता वाटपाचा क्रम कागदावर लिहायचा, खाली सही करायची आणि कागद बाईंकडे द्यायचा, म्हणजे चर्चेच्या ओघात कोणालाही मत गुपचूप फिरवता येत नाही. करवीर तालुक्यातील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मामाचं नाव खाली टाकलं तर घरात कुणी बोलणार न्हाई माझ्याशी." बाईंनी त्याला चूक ठरवले नाही. ज्या घराला ब्लँकेट मिळाले नाही त्या घरातील आजींना तू काय सांगशील, एवढेच त्यांनी विचारले आणि त्याला ते मोठ्याने सांगायला लावले. त्याला दोनदा अडखळायला झाले. मग त्याने आपला कागद परत मागून घेतला आणि म्हातारी माणसे व तान्ही मुले असलेली घरे वर घेऊन यादी नव्याने लिहिली. मामांचे घर त्यात बरेच खाली गेले होते.

चांगले वागण्याची इच्छा असूनही माणूस का घसरतो, या प्रश्नाला वर्ग पुरेसा वेळ देतो. अमेरिकेत डार्ली आणि बॅट्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे नीट समजावला जातो. धर्मशास्त्राचे विद्यार्थी भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीकडे निघाले असताना वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला असे. फारशी घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली, तर उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० टक्के थांबले. त्यांच्यातील काहींच्या भाषणाचा विषय वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधील कथा हाच होता, तरीही त्याने फरक पडला नाही. त्यानंतर मुलांना आपापल्या आठवड्यातील घाईच्या आणि भिडेच्या जागा लिहून काढायला सांगितल्या. सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवलेली जर्नल, मित्रासाठी लावलेली प्रॉक्सी, मैत्रिणीचा फोटो तिला न विचारता गटात पुढे ढकलणे अशा गोष्टी कागदावर आल्या, आणि त्या उपदेशाच्या धाकाने आलेल्या नव्हत्या.

राजर्षी शाहू महाराजांवरील सत्राने मात्र माझी निराशा केली. ज्या गावात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली, तेथे हा विषय सर्वांत जिवंत व्हायला हवा होता. प्रत्यक्षात जीवनपट वाचून दाखवण्यात वेळ गेला. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानावर महाराज थांबत, स्वतः चहा घेत आणि सोबतच्यांनाही पाजत, ही हकीकत आली. पण ती महाराजांचा मोठेपणा सांगण्यापुरतीच. बरोबरच्या मंडळींच्या हातात तो पेला आला तेव्हा त्यांच्या मनात काय चालले असेल, आणि राजाच्या धाकाने घेतलेला चहा पुढे माणसाची सवय बदलू शकतो का, हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत. विसाव्या वर्षी बहुतेक जण महाराजांच्या जागी नसतात, त्या मंडळींच्या जागी असतात.

नाश्त्याचा निधी मुलांच्या हाती देण्याची योजना साधी आणि उत्तम आहे. दर रविवारी दोघांनी पोहे-चहाची व्यवस्था पाहायची, पावत्या जपायच्या आणि पुढच्या रविवारी हिशेब सर्वांसमोर वाचायचा. एकदा १४० रुपयांचा मेळ बसेना, तेव्हा शिक्षकांनी तो स्वतःच्या खिशातून मिटवला नाही. पावत्या पुन्हा मांडायला लावल्या आणि पोहेवाल्याला द्यायचे राहिलेले पैसे दोघांकडून त्याच दिवशी पोहोचते केले. तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी हौदातील माती खणायला लावतो, त्या जातीचे हे शिक्षण आहे.

दोन गोष्टी बदलायलाच हव्यात. अभ्यासक्रमाच्या शेवटी 'चारित्र्यसंपन्न' असा शिक्का असलेले प्रमाणपत्र दिले जाते, ते बंद करावे. तीन महिन्यांच्या उपस्थितीवरून कोणाच्याही चारित्र्याची हमी देता येत नाही आणि नोकरीच्या अर्जाला जोडण्यासाठी प्रवेश घेणारे त्यामुळे वाढतील. दुसरे म्हणजे तुकडीत जवळजवळ सगळे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणारी, महाद्वार रोडच्या दुकानांत रविवारीही उभी असणारी त्याच वयाची मुले तेथे नव्हती, आणि खोट्या बिलाचा किंवा मालकाने सांगितलेल्या खोट्याचा प्रश्न तर त्यांना रोज भेडसावतो. त्यांच्यासाठी संध्याकाळची एक तुकडी काढावी.

शुल्क हप्त्याने भरता येते आणि अडचण सांगितल्यास निम्मे माफही होते, असे चौकशी केल्यावर कळले. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. तो ठळक छापावा, कारण ज्यांना या सवलतीची गरज आहे ती मुले सहसा विचारायला येत नाहीत.