ओलापरिबच्या गोळ्या: मावशीच्या आजारपणातला अनुभव

स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकासाठी ओलापरिब ही गोळी नाही, हे आधीच सांगते. जन्मतः बीआरसीए जनुकात दोष असावा लागतो, आजार पसरलेला असावा लागतो आणि प्लॅटिनमवाली केमो निदान १६ आठवडे घेऊन तो वाढलेला नसावा लागतो. मावशी या तिन्हींत बसली.

डीएनए तुटला की पेशी तो सांधते. त्यात बीआरसीएचा एक मार्ग, पार्प नावाच्या एन्झाइमचा दुसरा. गाठीतल्या पेशींचा पहिला मार्ग बंद पडलेलाच असतो. ओलापरिब दुसराही अडवतं आणि त्या मरतात. बाकीच्या पेशींकडे बीआरसीएची एक चांगली प्रत असते, म्हणून त्या तगतात.

तरी त्रास होतोच. १५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री. सुरुवातीला मळमळ फार. काही खाऊन घेतल्या की कमी व्हायची. पुढे हिमोग्लोबिन उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या काही दिवस थांबवून नंतर दर वेळी १५० ची एक आणि १०० ची एक असा डोस केला. थकवा मात्र गेला नाही. दुसरं कुठलंही औषध, विशेषतः बुरशीवरचं किंवा अँटिबायोटिक, विचारल्याशिवाय देऊ नका. काहींमुळे ओलापरिबचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

२०१९ च्या पोलो चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांचा आजार मध्यकाने (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ७.४ महिने थोपला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचा ३.८ महिने. एकूण आयुष्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. हे घरच्यांना स्पष्ट सांगायलाच हवं. पण सलाइन लावून तासन्‌तास पडणं सुटलं, मावशी पुन्हा शिवणयंत्रावर बसू लागली, आणि माझ्या लेखी ते महिने फार मोलाचे आहेत.

राग एकाच गोष्टीचा आहे. जनुक तपासणी आमच्याकडे फार उशिरा सुचवली गेली. निदान होताच ती मागा, गाठीचीही करून घ्या. स्वादुपिंडाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गाठींत केआरएएस नावाचं, पेशींच्या वाढीशी निगडित जनुक बिघडलेलं असतं. त्या बिघाडाच्या जी१२सी या विरळ प्रकारावर सोटोरासिब हे औषध काही जणांना लागू पडलं आहे, आणि डॅराक्सॉनरासिब हे औषध तर अनेक प्रकारांवर काम करावं म्हणून घडवलेलं आहे. आपल्याला कोणत्या औषधाबद्दल, कोणत्या चाचणीबद्दल विचारायचं, ते त्या रिपोर्टवरच ठरतं.

बीआरसीएचा दोष सख्ख्या भावंडांत असण्याची शक्यता निम्मी. आईने तपासणी केली, तिच्यातही निघाला; आता तिच्या स्तनांचा दरवर्षी एमआरआय होतो.