जूनो शहर आणि मेंडेनहॉल हिमनदी : साडेतीन तासांची बससहल

अलास्काची राजधानी असलेल्या जूनोला बाहेरून येणारा एकही रस्ता नाही. जहाजाने किंवा विमानानेच यावे लागते. आमचे जहाज धक्क्याला लागले तेव्हा पाऊस भुरभुरत होता, आणि आई-बाबांची फार पायपीट नको म्हणून धक्क्यावरच्या एका कंपनीची शहर व हिमनदी एकत्र दाखवणारी साडेतीन तासांची सहल आम्ही घेतली.

बस स्वच्छ होती, वेळेवर सुटली आणि चालकच मार्गदर्शक असूनही त्याने माहिती मनापासून दिली. १८८० मध्ये येथे सोने सापडल्याचे श्रेय जो जूनो आणि रिचर्ड हॅरिस यांना मिळाले, तरी त्यांना वाट दाखवली ती कोवी या, येथील मूळ रहिवासी असलेल्या ट्लिंगिट लोकांच्या प्रमुखाने, हे त्याने आवर्जून सांगितले. तक्रार आहे ती वेळेच्या वाटणीबद्दल. जे शहर धक्क्यापासून रमतगमत पायी पाहता येते, ते आम्हाला ओघळत्या काचांतून तासभर दाखवले, आणि जिच्यासाठी आम्ही पैसे मोजले त्या हिमनदीपाशी मिळाली जेमतेम पन्नास मिनिटे.

मेंडेनहॉल हिमनदी शहरापासून सुमारे १९ किलोमीटरवर आहे. तेथील माहिती केंद्र १९६२ मध्ये उघडले. त्याच्या मोठ्या काचेतून समोरचे तळे आणि पलीकडची हिमनदी दिसते. शंभर वर्षांपूर्वी हे तळे नव्हतेच, त्या जागी बर्फ होता. ढगाळ दिवशी बर्फाचा निळा रंग अधिक गडद वाटतो. दाबामुळे हवेचे बुडबुडे निघून गेलेला घट्ट बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. बाबा, ज्यांना एरवी कोणतेही स्थळ दहा मिनिटांत पुरे होते, ते कठड्याशी भिजत उभे राहिले.

हिमनदीजवळचा नगेट धबधबा ११५ मीटर उंचीचा असून त्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येण्यास सपाट वाटेने सुमारे तीन किलोमीटर चालावे लागते. पन्नास मिनिटांत ते ज्येष्ठांना झेपणारे नाही. आम्ही अर्ध्या वाटेवरून परतलो, त्याची रुखरुख अजून आहे. अस्वलांचा वावर असल्याने पायवाटांवर खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे आईने निगुतीने बांधून आणलेल्या दशम्या बसमध्येच राहिल्या. हा नियम तिकीट देतानाच सांगायला हवा होता.

माझ्या मते ही एकत्र सहल घेऊ नये. फक्त हिमनदीपर्यंत नेऊन आणणारी बस घ्यावी, जिच्यात परतीची वेळ आपल्या हाती असते. शहर परिवहनाची बस स्वस्त पडते, पण ती हिमनदीपर्यंत जात नाही आणि उतरल्यावर दोन-अडीच किलोमीटर चालावे लागते. धडधाकट मंडळींना ती चालेल. उरलेल्या वेळात १८९४ चे अष्टकोनी रशियन चर्च पाहावे. धक्क्याजवळच पॅट्सी ॲन या कुत्रीचा पुतळा आहे. ती बहिरी असूनही येणारे प्रत्येक जहाज ओळखून स्वागताला धावत असे, आणि १९३४ मध्ये महापौरांनी तिला अधिकृत स्वागतकर्ती नेमले होते. आमच्या बसने तिच्यासमोर वेग कमी केला, पण थांबली नाही. संध्याकाळी जहाजावर चढण्यापूर्वी आम्ही छत्री घेऊन पुन्हा तेथे गेलो, आणि दशम्या अखेर तिच्या शेजारच्या बाकावर संपल्या.