एव्हरस्पिनची एमरॅम की फ्रॅम: मीटरच्या डब्यात काय बसवाल?

विजेचा सबमीटर, डेटा लॉगर (रीडिंग नोंदवत राहणारं यंत्र) किंवा तसलंच काही बनवता आणि ईईपीरॉमला, म्हणजे वीज गेली तरी डेटा धरून ठेवणाऱ्या नेहमीच्या मेमरी चिपला, कंटाळला आहात, तर कारण विचारत नाही. दर सेकंदाला एकाच पत्त्यावर रीडिंग लिहिलं तर १० लाख वेळा लिहिण्याची हमी १२ दिवसांच्या आत संपते. वर एक पान (एका वेळी लिहिला जाणारा डेटाचा गठ्ठा) लिहायला ५ मिलिसेकंद लागतात, आणि लाइट जाते ती नेमकी तेवढ्यात. फर्मवेअरमध्ये जागा फिरवत राहून काही वर्षं काढता येतात, मीही काढली. ते सोडायचं म्हटलं की समोर दोन रस्ते उरतात: चुंबकीय मेमरी, म्हणजे एमरॅम, नाहीतर विद्युत ध्रुवीकरणावर चालणारी मेमरी, म्हणजे फ्रॅम.

सुट्या एमरॅम चिपच्या बाजारात पहिलं नाव एव्हरस्पिनचं. ॲरिझोनातल्या चँडलरची ही कंपनी मूळची मोटोरोलाच्या घरातली. मोटोरोलातून फ्रीस्केल वेगळी झाली, फ्रीस्केलने २००६ मध्ये ४ मेगाबिटची एमआर२ए१६ए विकायला काढली आणि २००८ मध्ये तो विभागच एव्हरस्पिन म्हणून बाहेर पडला. ३५ नॅनोसेकंदांत वाचणारी, लिहिणारी, एसरॅमच्या (वेगवान, पण वीज गेली की डेटा विसरणारी मेमरी) जागी सरळ बसणारी चिप. लिहिण्याला मर्यादा नाही, आणि वीज नसताना २० वर्षं डेटा राहील असं डेटाशीट सांगतं. एसरॅमच्या पाठीशी ठेवलेला बटण सेल कायमचा गेला, एवढ्यावरच कुणीही हिच्या प्रेमात पडेल. सेल बदलायला नांदेडला माणूस पाठवण्याचा खर्च चिपच्या किमतीहून जास्त होतो.

फ्रॅमचा वंशवेल निराळा. कोलोरॅडो स्प्रिंग्जची रॅमट्रॉन २०१२ मध्ये सायप्रेसकडे गेली आणि २०२० मध्ये सायप्रेस इन्फिनिऑनकडे. मालक बदलले, एफएम२५ने सुरू होणारे पार्ट नंबर मात्र चालू राहिले. शिवाय फुजित्सूनेही १९९९ मध्ये फ्रॅम बनवायला सुरुवात केली. त्यामुळे आठ पायांची एसपीआय (मोजक्या तारांवरून एकेक बिट पाठवणारी जोडणी) फ्रॅम दोन घरांतून मिळू शकते. एमरॅममध्ये कॅलिफोर्नियाची अव्हलांच आहे, पण एव्हरस्पिनची टॉगल (चुंबकीय क्षेत्राने बिट पलटवणारी) चिप काढून अव्हलांचची लावणं म्हणजे नुसती अदलाबदल नव्हे, तंत्रच वेगळं. आणि या धंद्यात कंपन्या टिकतातच असं नाही: ग्रँडिस २०११ मध्ये सॅमसंगने घेतली, स्पिन मेमरी २०२१ मध्ये बंद पडली. दहा वर्षं चालवायच्या मीटरसाठी याचा विचार करावा लागतो.

फ्रॅमच्या विरोधात नेहमी सांगतात की वाचलं तरी पेशीतला डेटा पुसला जातो आणि चिपला तो आतल्या आत परत लिहावा लागतो, म्हणजे वाचनही मोजलं जातं. खरं आहे. पण हमी १०० लाख कोटी वेळांची (१ वर १४ शून्यं). तीच जागा दर मायक्रोसेकंदाला वाचत बसलात तर तीनेक वर्षांत संपेल; सेकंदाला एक नोंद करणाऱ्याने ही काळजी सोडून द्यावी. उलट लिहिताना टॉगल एमरॅम बरीच जास्त करंट ओढते. लाइट गेल्यावर कॅपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर शेवटची नोंद करायची असते, तेव्हा हा फरक माझ्या हिशेबाने वाचनाच्या मोजणीपेक्षा मोठा.

एवढ्यावरही मी कदाचित एव्हरस्पिनच घेतली असती. अडलं ते चुंबकापाशी.

मीटरवर चुंबक ठेवून युनिट कमी पाडण्याचा उद्योग आपल्याकडे जुना आहे. त्यामुळे मीटर बघायला आलेला माणूस, खरेदीवाला असो की तपासणीवाला, ‘मॅग्नेट लावला तर?’ हे विचारल्याशिवाय जात नाही. कोटेशनमध्ये ‘मॅग्नेटिक मेमरी’ वाचून एका गिऱ्हाइकाने खिशातून चुंबक काढून टेबलावरच ठेवला होता. मग मी सांगायचो: डेटाशीटमध्ये मर्यादा दिलेली असते, टॉगलच्या काही भागांना ८,००० ॲम्पिअर प्रति मीटर, म्हणजे हवेत साधारण १० मिलिटेस्ला, अंतर वाढलं की चुंबकाचा जोर झपाट्याने उतरतो, चिप आम्ही डब्याच्या भिंतीपासून लांब ठेवली आहे. सगळं बरोबर. पण बंद पडलेल्या हार्डडिस्कमधला निओडिमियम चुंबक जवळून याच्या कित्येक पट जोर दाखवतो, आणि डिन रेलवरच्या (पॅनेलमध्ये उपकरणं अडकवायची पट्टी) चिंचोळ्या डब्यात ‘लांब’ म्हणजे किती लांब? एका बाजूला रिले, दुसऱ्या बाजूला बझर, उरलेल्या बाजूला गिऱ्हाइकाचा हात. प्रत्येक नव्या डब्याला चिपची जागा नव्याने शोधायची आणि तेच समजावणं पुन्हा करायचं.

फ्रॅम विद्युत ध्रुवीकरणावर चालते, चुंबकाशी तिचं देणंघेणं नाही. गिऱ्हाइकाला हे एका वाक्यात सांगता येतं. माझ्याकडे फ्रॅम आली ती बहुधा याच एका वाक्यामुळे.

तुमची पाटी (सर्किट बोर्ड) मशिनच्या पोटात, बाहेरच्या हातांपासून दूर असेल, तर माझा अनुभव तुम्हाला लागू नाही. समांतर बस (एकाच वेळी अनेक तारांवरून डेटा नेणारी जोडणी) हवी असेल किंवा काही मेगाबिटांच्या बरंच पुढे जायचं असेल, तर एव्हरस्पिनकडे बघावं. त्यांची नवी एसटीटी (बिटमधूनच करंट सोडून तो पलटवणारी) मालिका ६४ मेगाबिट आणि त्यापुढेही जाते. फक्त लहान टॉगल एसपीआय चिप पोटाखाली पॅड असलेल्या, बाहेर पाय नसलेल्या डीएफएन पॅकेजमध्ये येते. साध्या सोल्डरिंग आयर्नने ती नीट काढता-बसवता येत नाही, तेव्हा हॉट एअरवर हात बसलेला माणूस जवळ असू द्या. लिहिण्या-वाचण्याचे मूळ कमांड या चिपचे आणि एसपीआय फ्रॅमचे सारखेच आहेत, त्यामुळे आधी फ्रॅमवर पाटी चालवून बघायला हरकत नाही.