महामार्गावरची साडी-शाखा: माल चोख, जागेचा हिशेब कच्चा

पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी गेल्या महिन्यात आम्ही घरचे सातजण धुळ्यातील एका जुन्या साडी-दुकानाच्या नव्या शाखेत गेलो. मूळ दुकान आग्रा रोडवर, पाच कंदील परिसरात आहे. नवी शाखा शहराबाहेर, मुंबई-आग्रा महामार्गालगत उघडली आहे. मालाबद्दल तक्रार नाही. भावही दोन्हीकडे सारखेच आहेत. जुन्या दुकानात साडीचा खरा रंग पाहायचा तर ती दारापर्यंत न्यावी लागते. इथे दर्शनी काचेतून भरपूर उजेड येतो, त्यामुळे शेवाळी आणि मोरपंखी यांतला फरक गादीवर बसल्या बसल्या कळला. गाडी लावायला ऐसपैस जागा आहे.

मात्र दुपारी बारा ते तीन या वेळात आमच्याखेरीज दोनच गिऱ्हाइके आली, आणि तीही ऐन लग्नसराईत. अर्धे दिवे आणि मागच्या बाजूचा एसी बंद होता. चहा मागवल्यावर तो शेजारच्या ढाब्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत आला. तो पिता पिता मालकांनी ही जागा का निवडली ते आपणहून सांगितले, म्हणून त्याविषयी लिहिणे मला गैर वाटत नाही.

त्यांचे पहिले म्हणणे असे, की समोरून दिवसभर एवढ्या गाड्या जातात, शंभरातली एक वळली तरी दुकान पुरणार नाही. पण त्या गाड्यांत कंटेनर, मालट्रक आणि इंदूर-नाशिकचे प्रवासी किती, याचा विचार झालेला दिसला नाही. शेजारचा ढाबा चालतो, हा त्यांचा दुसरा दाखला होता. भूक लागली की माणूस शेवभाजीसाठी थांबतो; पैठणी घ्यायची म्हणून वाटेत कोणी ब्रेक दाबत नाही. शिवाय मधे दुभाजक आहे. पलीकडच्या बाजूने येणाऱ्याला दुकान दिसल्यावर पुढे जाऊन पुलाखालून वळसा घ्यावा लागतो, आणि आम्हीही तो घेतला.

तिसरा मुद्दा इतिहासाचा होता: ‘आग्रा रोडसुद्धा एके काळी महामार्गच होता ना, भाऊ?’ होता, पण तिथली बाजारपेठ केवळ रस्त्यामुळे उभी राहिली नाही. १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे खानदेशाचे मुख्य ठिकाण केले, तेव्हा व्यापाऱ्यांना येऊन वसण्यासाठी उत्तेजन दिले गेले आणि त्यांना बांधकामासाठी जागा देण्यात आल्या. कचेऱ्या आणि वस्ती आधी आली. त्या काळचा गाडीवान गावात मुक्काम करी, बैल सोडी, खरेदी करी. आजचा बाह्यवळणरस्ता वाहनांना गावात शिरावे लागू नये म्हणूनच बांधलेला असतो.

जुन्या दुकानातील गर्दी आपल्या नावामुळे आहे, हा मालकांचा समज मला सर्वांत महागात पडणारा वाटतो. साक्री, शिंदखेड्याकडच्या बायका एसटीने येतात. १७ मार्च २०२३ पासून त्यांना निम्मे तिकीट लागते, म्हणून घरातल्या चौघीजणी मिळून येणे परवडते. बसस्थानकावर उतरून त्या साडीबरोबरच बांगड्या, भांडी, मंगळसूत्राची घडणावळ अशी सगळी कामे एका फेरीत उरकतात. नव्या शाखेपर्यंत जायचे तर स्वतंत्र रिक्षा करावी लागते आणि आजूबाजूला दुसरे काहीच नाही. मालक म्हणाले, की आम्ही गिऱ्हाइकांना विचारूनच निर्णय घेतला. मी खोदून विचारले तेव्हा कळले, की ज्यांनी गाडी लावायला जागा नसल्याची तक्रार केली होती त्यांनाच विचारले होते. पिशवी घेऊन चालत येणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते.

निघताना खरे कारण कळले. हा प्लॉट त्यांनी काही वर्षांपूर्वी घेऊन ठेवला होता आणि तो पडून होता. ‘भाडे तर द्यावे लागत नाही,’ असे ते दोनदा म्हणाले. म्हणजे जागा आधी ठरली आणि गाड्या, ढाबा, आग्रा रोड ही कारणे मागाहून जमवली गेली. प्लॉट दुसऱ्या कोणाला भाड्याने दिला असता तर जे मिळाले असते, ते न मिळणे हाही खर्चच आहे. शिवाय विजेचे बिल आणि सहा नोकरांचा पगार दरमहा चुकत नाही.

आमच्यापुरते सांगायचे तर नऊ साड्या घेतल्या आणि सगळ्या पसंत पडल्या. फॉल-पिकोची सोय तिथे नाही. त्यासाठी साड्या आग्रा रोडच्या दुकानात पाठवल्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी तिथूनच घेऊन जा, असे सांगण्यात आले. ब्लाउजचे मॅचिंग अस्तरही मिळाले नाही. वहिनी तिसऱ्या दिवशी एसटीने गेल्या. साड्या, अस्तर आणि बांगड्या घेऊन दोन तासांत मोकळ्या झाल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकींच्या साड्या त्या जुन्या दुकानातूनच घेणार आहेत. स्वतःची चारचाकी असेल आणि रंग नीट पाहून एकदाच मोठी खरेदी करायची असेल, तर नव्या शाखेत जरूर जावे. फक्त अस्तर आणि फॉल आधी घेऊन ठेवावेत.