पार्किन्सन्ससाठी घरी येणारी मदत निवडताना : पुण्यातील काही सेवांचा अनुभव

माझ्या यजमानांना 2015 च्या दिवाळीनंतर पार्किन्सन्सचे निदान झाले. पहिली सहा वर्षे गोळ्या, नियमित चालणे आणि घरच्यांचा आधार एवढ्यावर निभावले. 2021 पासून मात्र बाहेरची मदत घेणे भाग पडले. तेव्हापासून पुण्यात घरी मदतनीस पाठवणारे दोन ब्युरो, तीन फिजिओथेरपिस्ट, वाचा व गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करणाऱ्या एक स्पीच थेरपिस्ट, रुग्णोपयोगी साहित्य देणारी केंद्रे आणि याच आजाराच्या माणसांचे एक मंडळ, इतक्यांशी आमचा संबंध आला. त्यांच्याविषयी येथे सविस्तर लिहीत आहे. ब्युरोंची आणि व्यक्तींची नावे मी देत नाही, कारण एकाच ब्युरोतून येणाऱ्या दोन मदतनिसांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर असते आणि केवळ नाव वाचून निवड करणाऱ्या कुटुंबाची त्यामुळे फसगत होऊ शकते. काय पाहून निवडावे, हे मात्र नेमके सांगता येण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सर्वांत जास्त मदत सुरुवातीला लागते आणि पुढे ती बहुधा कमी होत जाते. पार्किन्सन्समध्ये याच्या उलट घडते. मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात, लेव्होडोपाची गोळी ती उणीव काही तासांपुरती भरून काढते, आणि आजार जसजसा पुढे सरकतो तसतसा एका गोळीचा असर कमी वेळ टिकू लागतो. त्यामुळे सकाळी नऊ वाजता स्वतःच्या हाताने दाढी करणारा माणूस साडेअकरा वाजता खुर्चीतून उठू शकत नाही, आणि बारानंतर पुन्हा गॅलरीपर्यंत चालत जातो. नवख्या माणसाला हा हट्ट किंवा आळस वाटतो. अशा आजारात रुग्णाला आज काय जमते आणि काय जमत नाही एवढीच चौकशी करणारी सेवा सहा महिन्यांत अपुरी पडू लागते. होणारा बदल कोणाच्या लक्षात येणार, तो कोठे लिहिला जाणार आणि कोणाला कळवला जाणार, या प्रश्नाचे उत्तर ज्या सेवेकडे तयार असेल ती घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

पहिला ब्युरो आम्ही शेजारच्या इमारतीतील ओळखीवरून घेतला. नोंदणी शुल्क आणि डिपॉझिट भरले, आणि फोनवर तीन प्रश्न विचारले गेले : पेशंटचे वजन किती, डायपर लागते का, आणि पेशंट झोपून असतो का. हे झोपून नसतात असे कळल्यावर काम हलके धरले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून 12 तासांसाठी एक बाई येऊ लागल्या. त्या स्वभावाने अतिशय चांगल्या होत्या, यांना काका म्हणत आणि घरच्या माणसाचे करावे तसे मायेने सर्व करत. पुढे जे घडले त्याचा दोष मी त्यांच्याकडे देत नाही. दुपारची गोळी त्या वरण-भाताबरोबर देत असत, कारण आधीच्या घरी जेवणाबरोबरच गोळी देण्याची पद्धत होती. लेव्होडोपा आणि आहारातील प्रथिने यांचे अनेकांच्या बाबतीत जमत नाही. डाळ, दूध, पनीर यांच्यासोबत गोळी घेतली तर ती उशिरा किंवा कमी लागू पडते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती जेवणाच्या पाऊण तास आधी द्यायला सांगितली होती. मी स्वतः ते त्यांना एकदा सांगितले होते, परंतु लिहून ठेवले नव्हते. पंधरा दिवस यांच्या दुपारी का बिघडत आहेत, हे आम्हाला कळलेच नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. स्नानगृहाच्या दारात यांचे पाय जमिनीला खिळतात, ज्याला सगळे फ्रीझिंग म्हणतात. अशा वेळी हात धरून पुढे ओढले तर शरीराचा वरचा भाग पुढे जातो, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबायचे, श्वास घेऊ द्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायला सांगायचे, एक-दोन असे मोजायचे किंवा समोर काहीतरी ओलांडायला द्यायचे, हे साधे शिक्षण त्या बाईंना कोणी दिले नव्हते. त्यांनी मदत म्हणूनच ओढले आणि हे पडले. हाड मोडले नाही, परंतु कपाळाला चार टाके पडले. ब्युरोला कळवल्यावर दुसऱ्याच दिवशी बदली म्हणून नवी बाई आली, आणि आदल्या दिवशी काय झाले हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते. आम्ही त्याच आठवड्यात ती सेवा बंद केली.

दुसरा ब्युरो निवडताना मी पाच ठिकाणी फोन केले आणि सर्वांना एकच प्रश्न विचारला : मदतनीस रजेवर गेल्यास बदली येणाऱ्या व्यक्तीला आमच्या रुग्णाची माहिती कोण देणार? तिघांनी तुम्हीच सांगा असे उत्तर दिले, एकाने फोन ठेवला, आणि एका ठिकाणच्या पर्यवेक्षक परिचारिकेने, तुमच्या घरी एक वही राहील आणि बदलीची बाई आधी एक दिवस जुन्या मदतनिसासोबत थांबेल, असे सांगितले. त्या एक दिवसाचे दुप्पट पैसे द्यावे लागतील, हेही तिने तेव्हाच स्पष्ट केले. मी ती सेवा घेतली आणि आजपर्यंत तीच चालू आहे.

त्या परिचारिका काम सुरू होण्यापूर्वी घरी येऊन दीड तास बसल्या. गोळीचा असर असताना आणि तो उतरल्यावर, अशा दोन्ही वेळी त्यांनी यांना चालायला लावले, पलंगाची उंची पाहिली, रात्री किती वेळा उठावे लागते ते विचारले, आणि झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे होते का, याचीही नोंद केली. यांची उंची आणि वजन पाहून त्यांनी पुरुष मदतनीस सुचवला. ते मदतनीस, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, तेव्हापासून येतात. 12 तासांचे 2023 मध्ये दिवसाला 800 रुपये देत होतो, आता काही अधिक देतो. पर्यवेक्षक महिन्यातून एकदा घरी येऊन वही पाहतात. वहीत गोळ्यांच्या वेळा, असर उतरण्याच्या वेळा, पडणे किंवा पडता पडता वाचणे, शौचास झाले की नाही आणि जेवताना ठसका लागला का, एवढ्याच गोष्टी असतात. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना मी ती वही नेते, आणि डॉक्टर सर्वांत आधी तीच पाहतात.

या सेवेत उणिवा आहेत, त्या सांगणे आवश्यक आहे. दिवाळीत मदतनीस आपापल्या गावी जातात, जे त्यांचा हक्कच आहे. परंतु 2023 च्या दिवाळीत सलग दोन दिवस बदली मिळाली नाही आणि मुलाला पुण्याबाहेरून यावे लागले. सणांच्या तारखा आधीच ठाऊक असतात, त्यामुळे पर्यायी व्यवस्था महिनाभर आधी व्हायला हवी होती. दुसरे असे की ब्युरो कमिशन किती घेतो आणि मामांच्या हाती नेमके किती पडते, हे विचारूनही स्पष्ट झाले नाही. ज्यांच्या हाती आपला माणूस सोपवायचा त्यांना वेळेवर आणि पुरेसे पैसे मिळतात की नाही, हे कुटुंबाला कळायलाच हवे. या दोन कारणांमुळे मी पाचपैकी चार गुण देईन.

फिजिओथेरपिस्टच्या निवडीची माझी कसोटी आता अगदी लहान आहे. घरात आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न, गोळी किती वाजता घेतली, हा विचारला पाहिजे. पहिले दोघे आपल्या सोयीच्या वेळी येत; ती वेळ यांची गोळी उतरण्याची असे, त्यामुळे व्यायाम जमत नसे आणि हे खचून जात. तिसऱ्या ताईंनी आठ दिवसांची वही पाहून सकाळी सव्वानऊची वेळ ठरवली. त्यांनी स्नानगृहाच्या दारासमोर फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावून दिले, आणि जेथे पाय खिळत होते तेथे हे पट्टा ओलांडून आत जाऊ लागले. हे पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचे, वळून परत येऊन बसायचे, याला किती सेकंद लागतात हे त्या दर दोन महिन्यांनी मोजतात. पहिल्यांदा 14 लागले होते, वर्षाने 19 आणि गेल्या वेळी 24. आकडा वाढणार हे ठाऊक असते, तरी तो मोजणारा माणूस हवा, कारण त्या 19 वरूनच त्यांनी वॉकर बदलायला सांगितले.

वॉकरच्या बाबतीत आमची चूक झाली होती. दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही उचलून पुढे ठेवण्याचा चार पायांचा वॉकर विकत घेतला, आणि प्रत्येक पावलाला उचल-ठेव करताना यांची लय तुटून पाय अधिकच खिळू लागले. आता ब्रेक असलेला चाकांचा वॉकर वापरतो. तोपर्यंत शिकलो होतो, म्हणून तो, कमोड खुर्ची आणि पुढे लागलेला वरखाली होणारा पलंग, यांपैकी काहीही विकत न घेता रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून डिपॉझिटवर आणले. बदलत जाणाऱ्या आजारात हीच पद्धत परवडते.

गिळण्याच्या तपासणीसाठी मात्र आम्ही उशीर केला. आवाज हळू होत गेला तेव्हाच स्पीच थेरपिस्टकडे जायला हवे होते; आम्ही चहा पिताना ठसका लागू लागल्यावर गेलो. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया हा या आजारातला मोठा धोका आहे, आणि जेवणानंतर आवाज घोगरा, ओलसर येणे ही अन्न-पाणी असे चुकीच्या मार्गाने जात असल्याची एक खूण आहे, हे त्या बाईंनी मामांनाही शेजारी बसवून समजावले. मदतनिसाला समोर बसवून शिकवणारा तज्ज्ञ आम्हाला तोपर्यंत भेटला नव्हता.

माहितीचा सर्वांत विश्वासाचा स्रोत आम्हाला पार्किन्सन्स मित्रमंडळात सापडला, आणि त्याचे नाव मी आनंदाने घेते. पुण्यातील या मंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला काय काय सोसावे लागते हे न सांगताच समजणारी माणसे तेथे पहिल्यांदा भेटली. दुसऱ्या ब्युरोचा क्रमांकही तेथील एका शुभंकर ताईंनी दिला. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांच्या केंद्राने पार्किन्सन्सच्या शुभार्थींसाठी नृत्यवर्ग चालवला आहे, आणि मुंबईत 2001 मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी व्यायामासह गटाने भेटण्याची केंद्रे चालवते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा दुसरा आजार असलेल्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडे चौकशी करावी. ब्युरो शोधण्याआधी अशा मंडळात जावे, हे मी प्रत्येकाला सांगते.

कागदपत्रांविषयी थोडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि दीर्घकालीन चेताविकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन्स यांची नावे स्पष्टपणे दिलेली आहेत. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर करता येतो. तपासणीच्या वेळी गोळीचा असर चांगला असेल तर खरी अडचण दिसत नाही, म्हणून असर चढण्या-उतरण्याची नोंद असलेली वही तेथेही न्यावी. घरी येणारी मदत मात्र यातून मिळत नाही. तिचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली तर मदतनिसाकडे एक कागद असावा. त्यावर गोळ्यांच्या अचूक वेळा, त्या अचानक बंद करू नयेत ही सूचना, आणि मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा भ्रम झाल्यास हॅलोपेरिडॉल देऊ नये, हे आपल्या न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्यावे, कारण ही दोन्ही औषधे डोपामिनच्या कार्यात अडथळा आणतात. आमचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून औषधांच्या डब्यावरच चिकटवला आहे. ज्यांची मुले परदेशातून फोनवर ब्युरो ठरवतात, त्यांनी निदान हा कागद आणि ती वही तयार आहे ना, एवढे व्हिडिओ कॉलवर पाहून घ्यावे; मदतनीस समोर उभा असताना सर्व ठीक आहे ना, असे आईवडिलांना विचारू नये, त्यांना एकटे गाठून विचारावे.

गेल्या महिन्याच्या वहीत रात्री दोन ते चारच्या दरम्यान तीन वेळा पडता पडता वाचल्याची नोंद आहे. तिन्ही वेळा मी एकटीने यांना सावरले. पर्यवेक्षकांनी ती वाचून स्वतःहून फोन केला आणि रात्रीचा मदतनीस घ्यायचा का, हे आम्हा दोघांना एकत्र बसवून विचारण्यासाठी त्या येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊला येणार आहेत. ती वेळ त्यांनी वही पाहूनच निवडली, कारण त्या वेळी हे स्वतः बोलू शकतात.