घरचा कॉम्प्युटर बाहेरून उघडायचाय: पोर्ट, क्रोम रिमोट की टेलस्केल?

माझा डेस्कटॉप सांगलीला आई-बाबांकडे, मी पुण्यात. शेताचे सातबारे, दहा वर्षांचे फोटो, बाबांचे हिशेब सगळं त्यातच आहे. तो इथून उघडायचे तीन मार्ग मी वापरून पाहिले.

निवड करण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही किंवा ‘10.’ ने (दहानंतर लगेच टिंब) सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना मिळून दिलाय. मग पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरवर बाहेरून आत यायला एक ठरावीक दार, म्हणजे पोर्ट, उघडणं) कितीही बिनचूक करा, बाहेरची जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. हे माहीत नसल्यामुळे दिवाळीच्या सुट्टीतली माझी एक अख्खी संध्याकाळ राउटरशी झटण्यात गेली.

सार्वजनिक आयपी असला तरी 3389 पोर्ट थेट उघडू नका, हे कळकळीनं सांगते. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप त्याच पोर्टवर चालतं आणि बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) तो दिवसरात्र चाचपत असतात. 2019 मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप त्रुटीमुळे जुन्या विंडोजची मशीन पासवर्डशिवायही ताब्यात घेता येत होती. शिवाय ज्या मशीनमध्ये शिरायचंय तिथे विंडोज प्रो लागतं, होम चालत नाही.

क्रोम रिमोट डेस्कटॉप दहा मिनिटांत लागतं. गुगल खातं आणि किमान सहा आकडी पिन, बस्स. पैसे नाहीत, सीजीनॅटचीही अडचण नाही. फक्त स्क्रीन बघायची असेल किंवा आई-बाबांचं काही अडलेलं सोडवायचं असेल, तर हेच घ्या. पण फाइली एकेक करून आणायच्या म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

मी शेवटी टेलस्केलवर थांबले. हे आपल्या मशीनना इंटरनेटवरून एका खासगी नेटवर्कमध्ये जोडतं, आणि वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं. प्रत्येक मशीनला स्वतःचा 100 ने सुरू होणारा पत्ता मिळतो, आणि पुण्यात बसून सांगलीचं शेअर्ड फोल्डर घरात असल्यासारखं उघडतं. वैयक्तिक वापराला मोफत योजना आहे. थेट जोडणी जुळली नाही तर डेटा त्यांच्या रिले सर्व्हरमार्फत (मधल्या मशीनमधून) जातो. तेव्हा वेग पडतो, पण एन्क्रिप्शन टिकतं, म्हणजे मधल्या कुणाला डेटा वाचता येत नाही. मात्र खातं त्या कंपनीवर अवलंबून राहतं. ते नको असेल आणि सार्वजनिक आयपी असेल, तर राउटरवरच वायरगार्ड बसवा. योग्य किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही.

घरच्यांना एक गोष्ट मात्र बजावून ठेवा. एनीडेस्कसारखी, दुरून मशीन चालवू देणारी ॲप टाकायला लावून आणि त्यातला कोड विचारून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्येच सावध केलं होतं. आमच्याकडे फोनशेजारी कागद चिकटवलाय: ‘कोड फक्त लेकीला सांगायचा, तोही तिचा आवाज ओळखल्यावर.’

आणि वीज. दुपारी लाइट गेली की मशीन बंद, मग कुठलाच मार्ग कामाचा नाही. सुरुवातीला बाबांना फोन करायचे, “बाबा, खालचं गोल बटण दाबता का?” ते गुडघे धरत टेबलाखाली वाकायचे. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ चालू केलं, विंडोजचं स्लीप बंद केलं. आता लाइट आली की डेस्कटॉप आपोआप सुरू होतो, बाबांना वाकावं लागत नाही.