कोल्ड स्टोरेजमध्ये लॉट शोधायला: न ऐकू येणारा आवाज की ब्लूटूथ?

तासगाव-सांगली पट्ट्यात तुमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असेल, तर ही अडचण नवी नाही. सौद्यासाठी लॉट काढायचा असतो आणि तो कुठल्या चेंबरात, कुठल्या थप्पीत लावलाय हे एकाच हमालाला ठाऊक असतं. आत जीपीएस चालत नाही. मग साध्या मोबाइलवर भागणारे दोन पर्याय उरतात.

ब्लूटूथ बीकन, म्हणजे सतत सिग्नल सोडणाऱ्या छोट्या डब्या, लावायला सोपे. भिंतीला चिकटवले, सेल घातला की झालं. मोबाइल खिशात असला तरी चालतं. पण अंतराचा अंदाज सिग्नलच्या जोरावरून बांधला जातो, आणि मध्ये माणूस किंवा थप्पी आली की तो जोर बदलतो. दोन ते पाच मीटरची चूक सहज होते. शेजारच्या चेंबरचा बीकनही मध्येच डोकावतो.

दुसऱ्या पद्धतीत छताला लहान स्पीकर लावतात. ते १८ ते २० किलोहर्ट्झच्या आसपासचे, मोठ्या माणसांना सहसा ऐकू न येणारे सूर सोडतात आणि मोबाइलचा माइक ते पकडतो. तीन-चार स्पीकरचे सूर किती मागेपुढे पोचले, यावरून जागा निघते. वेळ मोजताना एक मिलिसेकंद चुकला तर आवाजात फरक पडतो ३४ सेंटिमीटरचा; ब्लूटूथच्या रेडिओ लहरीत तोच ३०० किलोमीटरचा. म्हणून हे साध्या फोनलाही जमतं. शिवाय आवाज भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे चेंबर चुकत नाही. माझ्या मते आपल्या कामात हाच गुण सगळ्यात मोलाचा.

मात्र थंडीचा हिशेब ठेवावा लागतो. ३५ अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३५२ मीटर जातो, ४ अंशांना ३३४. ॲपने बाहेरचं तापमान धरलं तर १५ मीटरला ८० सेंटिमीटरची चूक ठरलेली. उंच थप्पीआड सूर दबतो, म्हणून स्पीकर गल्लीच्या वर हवेत. पंख्यांची घरघर खालच्या पट्टीतली, ती फारशी आड येत नाही. लोखंडी गाड्याचा खडखडाट येतो.

माइकची परवानगी हा नाजूक भाग. अँड्रॉइड ९ पासून पडद्यामागे (बॅकग्राउंडला) गेलेल्या ॲपला माइक मिळत नाही, म्हणजे ॲप समोर उघडं हवं, नाहीतर त्याचं नोटिफिकेशन सतत दिसत राहायला हवं. हमालांना आधी नीट सांगा की बोलणं साठवलं जात नाही, आणि ॲप बनवणाऱ्याकडून तसं लिहून घ्या.

नुसता चेंबर कळून भागत असेल तर प्रत्येकात एकच स्पीकर पुरे. फोन खिशातच राहणार असेल तर ब्लूटूथ घ्या. थप्पीपर्यंत पोचायचं असेल तर आवाज, पण आधी एका भरलेल्या चेंबरात, पंखे चालू ठेवून, हमालाच्याच फोनवर तपासून बघा.